किल्ली कधी द्यायची? वाहन परवान्याच्या वयाचा इतिहास



१९ मे २०२४ ची पहाट. पुण्यात कल्याणीनगर भागात एका भरधाव आलिशान मोटारीनं दुचाकीला धडक दिली. दुचाकीवर मध्य प्रदेशातून पुण्याला नोकरीसाठी आलेले दोन तरुण अभियंते होते, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघंही जागीच गेले. स्टिअरिंगवर होता सतरा वर्षांचा मुलगा. काही तासांत बाल न्याय मंडळानं त्याला जामीन दिला आणि जामिनाच्या अटींमध्ये एक अट होती, रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची. देशभर संताप उसळला तो त्या निबंधावरून.

त्या खटल्याबद्दल आज आपण बोलणार नाही. ते काम न्यायालयाचं. पण त्या दिवसांत घरोघरी, चॅनेलांवर, व्हॉट्सअॅपवर एक सूर सारखा ऐकू येत होता: आमच्या वेळी असं नव्हतं, हल्लीचे पालकच पोरांच्या हातात किल्ल्या देतात. हा सूर ऐकला की इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कान टवकारतात. ‘हल्ली’ म्हणजे नेमकं कधीपासून? याचं उत्तर शोधायला आपल्याला एकशे दहा वर्षं मागं जावं लागतं.

भारतात मोटारी आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. सुरुवातीला त्यांच्यासाठी देशभराचा असा एक कायदा नव्हता. बंगालनं १९०३ मध्ये, मुंबई प्रांतानं १९०४ मध्ये, मद्रासनं १९०७ मध्ये आपापले कायदे केले. मग १९१४ मध्ये अखिल भारतीय मोटार वाहन कायदा आला. छोटासा कायदा, हातात धरला तर पुस्तिका म्हणावी एवढाच. त्याचं चौथं कलम वयाचं आहे. त्याचा पहिला भाग सांगतो की अठरा वर्षांखालच्या कुणीही सार्वजनिक जागी मोटार चालवायची नाही. आपल्याला पाठ आहे तो एवढाच भाग. पण कलम तिथं थांबत नाही. दुसरा भाग म्हणतो की गाडीच्या मालकानं, किंवा गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं, अशा मुलाला ती चालवू द्यायची नाही.

म्हणजे बघा, देशात मोटारी मोजक्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा संस्थानिकांच्या, गिरणीमालकांच्या, साहेबलोकांच्या, आणि चालवायला पगारी शोफर. तरीही कायदा लिहिणाऱ्याला मालकाचं नाव घ्यावंसं वाटलं. पोरानं हट्ट धरला की किल्ली सोडणारा हात मोठ्या माणसाचा असतो, हे १९१४ मध्येही कळत होतं. तेव्हा ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य जरा जपूनच वापरलेलं बरं.

अठरा हा आकडा कुठून आला? मायदेशी इंग्रजांनी हा आकडा धरला नव्हता. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कार कायद्यानं वाहन परवाना आणला, त्यात मोटारीसाठी वय होतं सतरा आणि मोटारसायकलसाठी तर चौदा. पाच शिलिंग भरायचे आणि परवाना घ्यायचा. परीक्षा नाही, चाचणी नाही. एखाद्यानं आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नसला तरी परवाना मिळायचा. भारतात मात्र अठरा. इथं १८७५ चा सज्ञानतेचा कायदा होता आणि त्यात अठराव्या वर्षी माणूस सज्ञान मानला जायचा. मोटारीचा आकडा त्याच्याशी बरोबर जुळतो. माझ्या मते हे महत्त्वाचं आहे, कारण सज्ञानतेचं वय हे करार करण्यासाठी, मालमत्ता सांभाळण्यासाठी ठरवलेलं वय. डोळा, हात, पाय आणि डोकं एकाच वेळी चाळीसच्या वेगात काम करू लागतात, ते वय कोणतं, हा प्रश्नच तिथं नव्हता. गंमत अशी की मतदानाचं वय आपल्याकडे एकवीस होतं, ते एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनं १९८९ मध्ये अठरावर आलं. म्हणजे सत्तरएक वर्षं आपल्याकडे तरुणाला मोटार चालवायचा हक्क आधी मिळत होता.

१९३९ मध्ये दुसरा कायदा आला. अठरा तसंच राहिलं, प्रवासी आणि माल वाहणाऱ्या गाड्यांसाठी वीस झालं, मालकाच्या जबाबदारीचं स्वतंत्र कलम झालं. हे सगळं कागदावर. रस्त्यावर मात्र या देशात गाडी चालवायला शिकवण्याची एक वेगळीच शाळा चालू होती, आणि तिच्याबद्दल इतिहासाच्या पुस्तकांत फारसं सापडत नाही. ती शाळा म्हणजे ट्रकची केबिन.

ट्रकवर उस्ताद असतो आणि त्याच्या हाताखाली क्लीनर. क्लीनर म्हणून पोरगा लागायचा तो बहुधा मिसरूडही फुटलेलं नसताना. काच पुसायची, टायर ठोकून हवा बघायची, पाणी भरायचं, ताडपत्री बांधायची, मागं घेताना खाली उतरून ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडायचं, घाटात गाडी थांबली की चाकाखाली दगड लावायचा. हे दोन-तीन वर्षं. या काळात तो स्टिअरिंगला हात लावत नाही, पण बघत असतो. उस्ताद उतारावर कोणता गिअर टाकतो, समोरच्याच्या दिव्यावरून काय ओळखतो, बैलगाडी दिसली की कुठून वेग कमी करतो. मग कधीतरी ट्रक टर्मिनलच्या आवारात गाडी पुढं-मागं करायला मिळते. मग रिकामी गाडी. मग भरलेली, सरळ रस्त्यावर, दिवसा. घाट सगळ्यात शेवटी.

ही शाळा आदर्श होती असं मी म्हणणार नाही. पोरांचं वय लपवलं जायचं, मार पडायचा, आणि उस्ताद मागच्या फळीवर झोपला की अर्ध्या रात्री सोळा वर्षांचं पोरगं दहा टन माल ओढत असायचं. पण शिकवण्याचा क्रम बघा. सोप्याकडून अवघडाकडे, आणि प्रत्येक पायरीवर शेजारी जाणता माणूस. हा क्रम लक्षात ठेवा, आपण पुढं स्वीडनला जाणार आहोत तेव्हा तो पुन्हा भेटेल.

दुसऱ्या महायुद्धात लष्करानंही हजारो भारतीय जवानांना गाड्या चालवायला शिकवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतले कितीतरी ट्रक आणि टॅक्सीच्या धंद्यात आले. म्हणजे व्यवसायानं गाडी चालवणाऱ्यांना कुठून ना कुठून तरी तालीम मिळत होती. जो घरच्या गाडीवर, हौसेनं किंवा गरजेनं शिकत होता, त्याला मात्र अशी तालीम कुणी ठेवलीच नाही. आणि पुढं संख्या वाढली ती याच शिकणाऱ्यांची.

ती वाढली दुचाकीमुळे. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीनं लुना बाजारात आणली. पन्नास सीसीचं इंजिन, पायडल मारून सुरू होणारी, गिअर नाही, वेग सायकलपेक्षा थोडा जास्त. मध्यमवर्गीय मराठी घराला परवडणारं पहिलं इंजिन हेच. मास्तर, नर्स, एलआयसी एजंट, कॉलेजची मुलगी, सगळ्यांनी ती चालवली. मग १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. हिलाही गिअर नाही, पण इंजिन ९८ सीसीचं, म्हणजे लुनाच्या जवळजवळ दुप्पट, आणि बटण दाबलं की सुरू.

आता इथं कायद्यातला एक शब्द नीट बघायला हवा. आज आपण ज्या कायद्याखाली गाडी चालवतो तो १९८८ चा, १ जुलै १९८९ पासून लागू झालेला. त्यात अठराच्या अटीला एक सूट आहे. मूळ शब्द असे होते की गिअर नसलेली मोटारसायकल सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर चालवता येईल, आणि त्यासाठी कच्चं लायसन्स घेताना पालकाची लेखी संमती लागेल. म्हणजे निकष होता गिअर. १९९४ मध्ये दुरुस्ती झाली आणि वयाच्या कलमातला निकष बदलला. गिअर गेला, त्या जागी आलं इंजिन: पन्नास सीसीपेक्षा जास्त नसलेली गाडीच सोळाव्या वर्षी चालेल.

कायदा बदलला, पण लोकांच्या डोक्यातलं वाक्य बदललं नाही. आजही दहावी-अकरावीच्या मुलांच्या पालकांना विचारा, ‘बिनगिअरची गाडी सोळाव्या वर्षी चालते हो’ असं दहातले आठ जण सांगतील. चालत नाही. गेल्या तीस वर्षांत चाललेली नाही. आणि याच तीस वर्षांत पन्नास सीसीच्या गाड्याच बाजारातून नाहीशा झाल्या. लुना बंद झाली. त्यानंतर आलेल्या बिनगिअरच्या स्कूटरी साठ, नव्वद, शंभर, एकशे दहा, एकशे पंचवीस अशा चढत गेल्या. कायद्यानं सोळा वर्षांच्या मुलासाठी दार उघडं ठेवलं, पण त्या दारातून आत जाईल अशी गाडीच दुकानात उरली नाही. म्हणून शहरातल्या कुठल्याही कोचिंग क्लासबाहेर संध्याकाळी ज्या स्कूटरींची रांग दिसते, त्यातल्या सोळा-सतराच्या मुलामुलींच्या बहुतेक गाड्या कायद्याच्या बाहेरच्या आहेत. ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी विजेची गाडी नियमांनुसार मोटार वाहनच धरली जात नाही, तिला परवाना लागत नाही. पण दुकानदार ‘लायसन्स लागत नाही’ म्हणून विकतो ती प्रत्येक गाडी या मर्यादेत असतेच असं नाही, हेही पालकांनी तपासून घ्यावं.

इथपर्यंत झाली वयाची गोष्ट. तयारीची गोष्ट जगात कशी घडली ते आता पाहू, कारण यात काही देशांनी पैसे आणि जीव खर्चून जे शिकून घेतलं ते आपल्याला फुकट मिळतं.

ब्रिटननं सुरुवातीची तीस वर्षं परीक्षेविना काढली. १९३० च्या कायद्यात तर मोटारींची वेगमर्यादाही काढून टाकली. १९३४ मध्ये रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली, आणि तेव्हा तिथं वाहनं होती पंचवीस लाखांच्या आसपास. मग सरकार हललं. १९३५ च्या जूनपासून नव्या चालकांना चाचणी सक्तीची झाली, शिकाऊ गाडीवर लाल ‘एल’ आलं, आणि वस्तीच्या भागात ताशी तीस मैलांची मर्यादा परत आली. त्या वर्षी मृत्यू कमी झाले. श्रेय परीक्षेचं की वेगमर्यादेचं हे वेगळं काढणं अवघड आहे, आणि मला विचाराल तर मी वेगमर्यादेच्या बाजूनं झुकेन. (सुएझच्या पेचप्रसंगात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा परीक्षकांना रेशनिंगच्या कामाला जुंपलं, चाचण्या बंद पडल्या आणि शिकाऊ चालकांना काही महिने एकट्यानं गाडी चालवायची मुभा मिळाली. इंग्रजांच्याही राज्यात असं होतं!)

अमेरिकेची वाट वेगळी. तिथं शाळेतच ड्रायव्हिंग शिकवायची पद्धत. चांगलं शिकवलं की अपघात कमी होणारच, यावर सगळ्यांचा इतका विश्वास की कुणी तपासलंच नव्हतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब काउंटीत ते तपासलं गेलं. सुमारे सोळा हजार विद्यार्थी घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एका गटाला उत्तमातलं उत्तम प्रशिक्षण, वर्गात, सिम्युलेटरवर, ट्रॅकवर, रस्त्यावर. दुसऱ्याला परवाना मिळण्यापुरतं. तिसऱ्याला शाळेतून काहीच नाही. निकालानं सगळे चक्रावले. दीर्घकाळ टिकेल असा फारसा फरक पडला नाही. उलट ज्यांना शिकवलं त्यांनी लवकर परवाना काढला, लवकर रस्त्यावर आले, आणि जितका वेळ रस्त्यावर तितका धोका. क्लच, गिअर, सिग्नल शिकवता येतात. पण मागं तीन मित्र बसलेत, रात्रीचे अकरा वाजलेत, गाणी चालू आहेत, तेव्हा काय करायचं, हे वर्गात शिकवता येत नाही.

मग काय उपयोगी पडलं? दोन गोष्टी. पहिली न्यूझीलंडची. १ ऑगस्ट १९८७ पासून त्यांनी परवाना तीन पायऱ्यांत वाटला. आधी शिकाऊ, मग मर्यादित, मग पूर्ण. मर्यादित परवान्यावर रात्री दहानंतर पहाटे पाचपर्यंत एकट्यानं चालवायचं नाही, आणि तरुण मित्रमंडळी भरून न्यायची नाहीत. म्हणजे सर्वांत धोक्याच्या दोन गोष्टी, रात्र आणि मित्र, पहिल्या काळात बाजूला ठेवायच्या. पुढं अमेरिकेतल्या राज्यांनीही हे उचललं, फ्लोरिडानं १९९६ मध्ये सगळ्यात आधी.

दुसरी गोष्ट स्वीडनची, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. स्वीडनमध्ये परवान्याचं वय अठरा, आपल्यासारखंच. १९९३ च्या सप्टेंबरपासून त्यांनी त्याला हात लावला नाही, पण शिकायला सुरुवात करण्याचं वय साडेसतराचं सोळा केलं. मोठ्या माणसाला शेजारी बसवून सोळाव्या वर्षापासून चालवा, एकट्यानं मात्र अठरानंतरच. ज्यांनी ही सवलत घेतली त्यांचा सराव सरासरी ११८ तासांवर गेला. आधी तो चाळीस-पन्नास तासांच्या घरात होता. परवाना मिळाल्यानंतरच्या काळात या मुलांचे अपघात लक्षणीय कमी झाले. यातला काही भाग घरची परिस्थिती, शिक्षण यांचाही असणार हे अभ्यासकांनी मान्य केलं, पण ते वजा करूनही फायदा उरला.

आठवली केबिन? तोच क्रम. भरपूर तास, शेजारी जाणता माणूस, सोप्याकडून अवघडाकडे.

आता आपल्याकडे परत. आपल्या नियमांत मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा खासगी गाडीसाठीचा अभ्यासक्रम किमान एकवीस दिवसांचा आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास असा आहे. स्वीडनच्या ११८ समोर दहा. तेही स्कूलमध्ये गेलात तर. स्वतःच्या गाडीसाठी स्कूलमध्ये जायलाच हवं असं बंधन नाही. कच्चं लायसन्स काढा, तीस दिवस थांबा, आरटीओच्या ट्रॅकवर आठ काढून दाखवा, पक्कं लायसन्स हातात. अनेक ठिकाणी आठही एजंटच काढतो, असं म्हणतात. सेव्हलाइफ फाउंडेशननं २०१७ मध्ये काही शहरांत केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक परवानाधारकांनी चाचणी दिलीच नसल्याचं सांगितलं होतं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत अठरा ते पंचेचाळीस वयाचे सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे बरेचसे असे, की ज्यांचं वय कायद्यात अगदी बरोबर बसत होतं.

प्रत्येक मोठ्या अपघातानंतर आपण मात्र वयाकडेच वळतो. २०१६ मध्ये दिल्लीत सिव्हिल लाइन्स भागात मोटारीखाली एक जण मेला, चालवणारा मुलगा अठरा पूर्ण व्हायला अवघे काही दिवस उरलेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०२० मध्ये न्यायालयानं निकाल दिला, आणि वाद कशाचा होता? तो बाल धरायचा की सज्ञान. कायद्याच्या दृष्टीनं तो प्रश्न मोठा आहेच. पण त्याला कुणी, कसं, किती दिवस शिकवलं होतं, हा प्रश्न कायदा विचारतच नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनं मालकाचं कलम पुन्हा धारदार केलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. मला माहीत नव्हतं, मी काळजी घेतली होती, हे पालकानंच सिद्ध करायचं. शिवाय विमा कंपनी मृताच्या घरच्यांना भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. इंदूरला राहा, बेळगावला राहा की हैदराबादला, हा केंद्राचा कायदा आहे, सगळीकडे हाच. १९१४ च्या कलमाचा दुसरा भागच हा, फक्त एकशे पाच वर्षांनी दात आलेला.

मग काही जण विचारतात की स्वीडनसारखं आपणही सोळाव्या वर्षी शिकायला परवानगी द्यावी का. आजच्या घडीला मी नाही म्हणेन. जिथं चाचणीच खरी होत नाही, तिथं ‘शेजारी बाबा बसलेत’ ही अट कोण तपासणार? पण स्वीडनच्या विचारातला एक मुद्दा आपल्याला लगेच लागू आहे. सोळाव्या वर्षी मूल घरी असतं, आईबाप शेजारी बसू शकतात. आपल्याकडे मूल अठराचं होतं ते नेमकं बारावी संपवून पुण्याला, कोट्याला, बंगळुरूला हॉस्टेलवर जाताना. शिकवणारी माणसं घरी राहतात, शिकणारं मूल दुसऱ्या शहरात जातं, आणि पहिली शंभर तासांची गाडी ते मित्राच्या बाइकवर, रात्री, डबल सीट चालवतं.

यावर उपाय सुट्टीचा आहे. कच्चं लायसन्स सहा महिने चालतं. तीस दिवस हा चाचणीला बसण्यासाठीचा किमान अवधी आहे, पण आपल्याकडे एकतिसाव्या दिवशी आरटीओत रांग लावायची घाई असते. ती करू नका. बारावीनंतरची सुट्टी, मग दिवाळीची सुट्टी, दोन्ही वापरा. पुढं-मागं ‘एल’ लावा, शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसवा. पहिले पंधरा दिवस सकाळी सहाला मोकळ्या रस्त्यावर. मग बाजारात. मग पावसात. मग संध्याकाळी, समोरून दिवे डोळ्यांवर येत असताना. मग हायवे, आणि चढावर थांबून पुन्हा गाडी उचलणं. घाट शेवटी. एका वहीत तास लिहून ठेवा. शंभर होईपर्यंत चाचणीची तारीख घेऊ नका.